दोन्ही एकदम खरं असू शकेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

गुरुवारी पाणी बंद, हे आपल्या पुणेकरांच्या अंगवळणी पडलं आहे. समजा, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "पाणी बंद असलं की आपण टँकर मागवतो." थोड्या वेळानं म्हणाले, "या गुरुवारी टँकर मागवला नव्हता." लगेच मागून आवाज येतो, "अहो, मघाशी एक, आता एक!" पण त्या गुरुवारी पाणी आलंच असेल, तर दोन्ही वाक्यं खरी आहेत. विधानं सुसंगत ठरायला एवढंच लागतं: ती सगळी एकाच वेळी खरी असतील अशी निदान एक परिस्थिती. ती शोधण्याआधीच आपण माणसाला खोटारडा ठरवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मानसशास्त्रज्ञ फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांच्या मते माणूस तर्काचे नियम लावत बसत नाही, तो मनात चित्र उभं करतो. चित्र जमलं तर सुसंगत, नाहीतर विसंगत. एरवी हे पुरतं. पण चित्रात आपण खरं तेवढं घेतो, खोटं काय ते गाळतो. त्यांनी याची कोडी पत्त्यांवर घातली होती. मी तसंच एक लग्नाच्या पंगतीत मांडते.

ताटाबद्दलच्या तीन विधानांपैकी नेमकं एकच खरं आहे. पहिलं: ताटात अळूची भाजी किंवा मसालेभात आहे, किंवा दोन्ही. दुसरं: जिलबी किंवा मसालेभात, किंवा दोन्ही. तिसरं: मठ्ठा किंवा कोशिंबीर, किंवा दोन्ही. पुन्हा सांगते, खरं एकच. तर ताटात मसालेभात असू शकेल?

"असेल की!" असंच मनात आलं ना? पत्त्यांच्या कोड्यातही बहुतेकांनी असंच उत्तर दिलं, आणि ती विद्यापीठात शिकणारी मुलं होती. उत्तर आहे, नाही. मसालेभात वाढला की पहिलं विधान खरं होतं आणि दुसरंही. पहिलं खरं धरायचं, तर दुसरं खोटं हवं. म्हणजे जिलबी नको आणि मसालेभातही नको. तिसरंही खोटं हवं, म्हणून मठ्ठा आणि कोशिंबीरही नको. या पाचांतली उरते एकटी अळूची भाजी.

आता दुसरं विधान खरं धरा, आणि ताटात काय उरतं ते घरातल्यांना विचारा.