मिलिमीटरच्या आतलं गुरुत्वाकर्षण

टेबलावरच्या टाचणीजवळ फ्रिजवर लावायचं छोटं चुंबक न्या. टाचणी उडी मारून त्याला चिकटते. खालून सगळी पृथ्वी तिला ओढत असते, तरी जिंकतं ते चुंबक. गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का, या प्रश्नानं भौतिकशास्त्रज्ञांना फार छळलं आहे. लांबी, रुंदी, उंचीपलीकडच्या जादा मितींचा विषय फळ्यावरून प्रयोगशाळेत आला तो याच प्रश्नामुळे, म्हणून आज स्ट्रिंग थिअरीच्या, म्हणजे सगळे कण सूक्ष्म कंपणारे धागे मानणाऱ्या सिद्धांताच्या, गणितात फारसं न शिरता मी त्याच वाटेनं जाणार आहे.

जादा मितीची कल्पना तशी जुनी. काळ ही चौथी मिती, तिच्यापलीकडे पाचवी धरली तर गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच चौकटीत बसतात, हे थिओडोर कालुझानं १९२१ मध्ये दाखवलं. ती मिती अतिसूक्ष्म वर्तुळात गुंडाळलेली असेल, म्हणून जाणवत नाही, ही पुस्ती ऑस्कर क्लाइनची, १९२६ची. स्ट्रिंग थिअरीच्या सुपरस्ट्रिंग या रूपाला तर अवकाशाच्याच नऊ मिती लागतात. आपल्याला तीन दिसतात, मग उरलेल्या सहा कुठे आहेत? त्याही गुंडाळलेल्या, आणि इतक्या लहान की कुठलंही यंत्र तिथवर पोचणार नाही! मला विचाराल तर हे उत्तर जरा सोयीचंच होतं.

१९९८ मध्ये अर्कानी-हमेद, दिमोपुलोस आणि द्वाली या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. प्रकाश, इलेक्ट्रॉन, तुम्ही-आम्ही तीन मितींत अडकलेले. बाकीच्या मितींत जायची मुभा फक्त गुरुत्वाकर्षणाला. म्हणजे ते मुळात बलवानच आहे, आपल्या वाट्याला विरळ होऊन येतं. अशा दोन जादा मिती असतील तर हिशेबानं त्यांचा आकार मिलिमीटरच्या आसपास येत होता. आणि मिलिमीटरच्या आत गुरुत्वाकर्षण कसं वागतं, हे तोवर कुणी नीट मोजलेलंच नव्हतं!

न्यूटनच्या नियमानं अंतर निम्मं केलं की ओढ चौपट होते. दोन जादा मिती खरंच असतील, तर त्यांच्या आकाराहून जवळ गेल्यावर ती सोळापट व्हायला हवी. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं हेच तपासायला घेतलं. बारीक तारेला टांगलेली एक तबकडी, तिच्याखाली सावकाश फिरणारी दुसरी, आणि विजेचा प्रभाव वर पोचू नये म्हणून मध्ये ताणून बसवलेला धातूचा पातळ पडदा. तार किती पिळली जाते, ते आरशावरून परतणाऱ्या प्रकाशावरून मोजायचं. २००७ मध्ये हा गट ५६ मायक्रोमीटरपर्यंत (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उतरला, २०२० मध्ये ५२ पर्यंत. म्हणजे केसाच्या जाडीहून कमी अंतर, आणि तिथेही न्यूटनच बरोबर. एखादी जादा मिती असलीच, तर तिची त्रिज्या ३० मायक्रोमीटरहून कमी हवी.

आकाशातूनही साक्ष मिळाली. १९८७ मध्ये मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पृथ्वीवर दहा-बारा सेकंद येत राहिले. ताऱ्याची ऊर्जा जादा मितींत गळून गेली असती, तर हा झोत लवकर आटला असता. त्यामुळे दोन मोठ्या मितींची बाजू फारच लंगडी पडली.

पण एक मिती अजून शर्यतीत आहे. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या अदृश्य ऊर्जेचं प्रमाण इतकं चमत्कारिकपणे कमी आहे, की त्यावरून मायक्रोमीटरच्या घरातली एकच जादा मिती असावी, असा तर्क भौतिकशास्त्रज्ञ कमरुन वाफा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडला. तो तपासायचा तर तबकड्या आणखी जवळ आणायला हव्यात. तिथे अडचण जादा मितींची नाही, धुळीच्या कणाची आणि धातूच्या पृष्ठभागावर इथेतिथे साचलेल्या विद्युतप्रभाराची आहे.