किमिको दाते: दोन डावांची कारकीर्द

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्ती जाहीर करायची आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा कोर्टवर उतरायचं, हे टेनिसला नवीन नाही. पण जपानच्या किमिको दातेनं मध्ये सोडली जवळजवळ बारा वर्षं! तिच्याविषयी बोलताना सगळे वयाचं कौतुक करतात. मला मात्र तिच्या फटक्याविषयी बोलायचंय, कारण वयावर तिनं जी मात केली, ती त्या फटक्याच्या जोरावर.

दातेचा जन्म १९७० चा, क्योतोचा. मूळची डावखुरी, पण टेनिस खेळायची उजव्या हातानं. चेंडू टप्पा घेऊन वर उसळत असतानाच ती तो गाठायची आणि फारशी फिरकी न देता सपाट, जवळजवळ जाळीला घासून परत पाठवायची. मागे सरकणं नाही, रॅकेट लांब मागे नेणं नाही. प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरायचा आणि त्याला सावरायला वेळ द्यायचा नाही. यात ताकद कमी लागते, पण नजर आणि पाय मात्र तयार लागतात. क्षणभर उशीर झाला की चेंडू गेलाच बाहेर.

याच खेळावर ती १९९५ मध्ये जागतिक क्रमवारीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन या तिन्ही स्पर्धांची उपांत्य फेरी तिनं गाठली. १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोत, फेड कप या महिलांच्या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या लढतीत, तिनं साक्षात स्टेफी ग्राफला हरवलं: ७-६, ३-६, १२-१०. तिसरा सेट बावीस गेमचा!

त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पुन्हा ग्राफ समोर. पहिला सेट ग्राफचा, दुसरा ६-२ असा दातेचा. याच सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?" ग्राफनं उलट विचारलं, "तुझ्याकडे पैसे किती आहेत?" हा किस्सा अजून सांगितला जातो, समोर कोण खेळत होती, हे मात्र सांगणारा सहसा विसरतो. लय दातेला सापडली होती, पण अंधार पडला आणि खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ग्राफनं तिसरा सेट ६-३ असा घेतला. उजेड अर्धा तास जास्त टिकला असता तर? असो.

त्या मोसमाच्या अखेरीस, सव्विसाव्या वर्षी, जगातल्या पहिल्या दहा जणींत असताना ती निवृत्त झाली.

पुढे मिखाएल क्रुम या जर्मन मोटरशर्यतपटूशी लग्न झालं. आणि २००८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती परतली. तीही मोठ्या मंडपात मिरवत नव्हे. गिफू शहरातल्या एका छोट्या स्पर्धेत, पात्रता फेरीपासून. तिथं एकेरीची अंतिम फेरी आणि सोळा वर्षांच्या कुरुमी नाराबरोबर दुहेरीचं विजेतेपद! पुढच्याच वर्षी, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिनं सोलची स्पर्धा जिंकली. डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, तिची एकेरीची विजेतेपदं एकूण आठ. सातव्या आणि आठव्यात अंतर तेरा वर्षांचं.

दरम्यान महिला टेनिस ताकदीचं झालं होतं. दातेचा खेळ इथंच कामी आला. २०११ च्या विम्बल्डनमध्ये चाळिशीतल्या दातेनं व्हीनस विल्यम्सच्या तडाखेबंद फटक्यांचाच वेग उसना घेतला आणि पहिला सेट जिंकला. व्हीनस सुटली, पण तिसरा सेट ८-६ असा झाल्यावर. २०१३ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी दाते विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत पोहोचली. तिथं व्हीनसची बहीण सेरेनानं मात्र तिला डोकं वर काढू दिलं नाही: ६-२, ६-०.

नंतर गुडघ्यानं दगा दिला, शस्त्रक्रिया झाली. या खेळात पाय थकले की नुसती नजर काय करणार? २०१७ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोत ती शेवटचा सामना खेळली, सत्तेचाळिसावं वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस असताना. सर्बियाच्या अलेक्झांड्रा क्रुनिचकडून हरली. ६-०, ६-०.