जुलाबावरचे यीस्ट: कोणासाठी आणि किती दिवस

(फोंड्यातील एका वाचनालयात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गोव्यातल्या श्रोत्यांना यीस्टची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. माडाची सूर घालून सान्नांचे पीठ फुगवायचे ही आपल्याकडची जुनी रीत, आणि पूर्वी पदेरही पावाचे पीठ सुरेनेच आंबवत. मात्र सान्ना वाफेवर शिजला, पाव भट्टीत भाजला की त्यातले यीस्ट मरते. डॉक्टर जुलाबावर जी पुडी लिहून देतात, तिच्यातले यीस्ट पोटात जिवंत पोहोचावे लागते. म्हणून ती कढत पेजेत किंवा चहात मिसळू नये.

या यीस्टचे नाव सॅकरोमायसीस बुलार्डी. सुरेत जे यीस्ट वाढते, त्याच्याच जातीतला हा एक प्रकार. आँरी बुलार हे फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात इंडोचायनात असताना तिथे कॉलऱ्याची साथ होती, आणि काही लोक लिची व मँगोस्टीन यांच्या साली उकळून तो काढा घेत असल्याचे त्यांनी पाहिले. त्या फळांपासून त्यांनी हे यीस्ट वेगळे केले. मँगोस्टीन हे आपल्या भिरंडाच्याच कुळातले फळ, पण म्हणून सोलकढीत हे औषध असते असे कोणी समजू नये.

त्याचा खरा उपयोग प्रतिजैविकांच्या काळात दिसतो. ही औषधे रोगाच्या जिवाणूंबरोबर आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतात, आणि त्यातून अनेकांना जुलाब लागतात. यीस्ट हा जिवाणू नव्हे, बुरशीवर्गातला जीव आहे; त्यामुळे प्रतिजैविकांनी तो मरत नाही, आपल्या शरीराच्या ३७ अंश तापमानात उत्तम वाढतो, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या त्रासदायक जिवाणूचे विष तोडणारे विकर स्रवतो. बुरशीविरोधी गोळ्या चालू असतील तर मात्र त्या गोळ्याच त्याला मारतात, म्हणून दोन्ही एकत्र घेण्यात अर्थ नाही.

'पोटासाठी बारा महिने घेतले तर चालेल ना?' असे मला वारंवार विचारले जाते. हे यीस्ट आतड्यात कायमचे वसत नाही. घेणे थांबवले की काही दिवसांत निघून जाते. निरोगी माणसाने ते वर्षभर घेत राहावे असे सांगण्याइतका पुरावा मला दिसत नाही, आणि ते पैसे ताज्या भाजी-फळांवर खर्च व्हावेत असे मला मनापासून वाटते. लहान मुलाला जुलाब लागले, तर आधी ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. यीस्टची पाळी त्यानंतरची.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, जे अत्यवस्थ आहेत किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे, त्यांच्या रक्तात हे यीस्ट शिरून गंभीर, प्रसंगी प्राणघातक संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाला ते देऊ नये. इतकेच नव्हे, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी पुडी फोडायची असेल, तर ती खोलीबाहेर फोडावी आणि हात नीट धुऊनच आत यावे, कारण पुडीतली पूड हवेत उडते आणि हातांना चिकटून नळीपर्यंत पोहोचू शकते.