कचरा कोण काढणार, आणि कधी?

फोंड्यात आज समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचा हात जावा किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांवर बसलेला आहे. त्यामुळे 'गार्बेज कलेक्टर आहे, आवराआवरीची काळजी नको' हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार. ते अर्धंच खरं आहे. कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेल्या ऑब्जेक्ट्सची मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, बघतो फक्त मेमरी.

समजा, मडगाव–पणजी बसच्या तिकिटांचा प्रोग्राम आहे. प्रत्येक तिकिटासाठी एक ऑब्जेक्ट तयार होतो आणि पूलमधून, म्हणजे तयार ठेवलेल्या मोजक्या कनेक्शन्सच्या साठ्यातून, डेटाबेसचं एक कनेक्शन घेतो. तिकीट निघालं, ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, पण कनेक्शन परत करायचं राहिलं. मेमरी भरपूर मोकळी आहे, म्हणून कलेक्टरला घाई नाही. पूलमध्ये दहाच कनेक्शन्स असतील तर अकरावा प्रवासी ताटकळत उभा! आणि मेमरीचा आलेख काढून बघा, सगळं आलबेल. टंचाई कनेक्शन्सची आहे आणि कलेक्टरला ती दिसतच नाही. असा दोष शोधताना माणूस हैराण होतो तो यामुळे.

यावर जावात 'फायनलाइज' ही मेथड होती. ऑब्जेक्ट काढण्याआधी ती चालायची, पण कधी चालेल याची हमी नव्हती; आणि प्रोग्राम आधीच संपला तर ती चालायचीच असं नाही. शिवाय तिच्या आतून त्या ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे त्याला धरून ठेवणारा दुवा, दुसरीकडे ठेवला, तर टाकाऊ ठरलेला ऑब्जेक्ट पुन्हा जिवंत! २०१७ मध्ये जावा ९ ने ती वापरू नका असं सांगितलं. माझ्या मते फार उशीर झाला.

सी प्लस प्लसचा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारी आवराआवरीची मेथड, मला म्हणूनच मोलाचा वाटतो. ब्लॉक संपला, की त्यातल्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर त्याच क्षणी चालतो. एक्सेप्शन आलं, म्हणजे मध्येच काही बिघडल्याची सूचना उठली, आणि ते पुढे कुठे पकडलं गेलं, तरीही. फाइल उघडणारा ऑब्जेक्टच ती बंद करतो. जावाने २०११ मध्ये जावा ७ मधून 'ट्राय-विथ-रिसोर्सेस' आणलं, पायथनमध्ये 'विथ' आहे; दोन्हींत ब्लॉक संपला की फाइल किंवा कनेक्शन आपोआप बंद होतं. ते वापरा, विसरू नका.

मात्र मालक ठरवायचं काम कुठलीही भाषा तुमच्यासाठी करत नाही. बसच्या ऑब्जेक्टने चालकाला धरलं, चालकाने बसला, आणि दोन्ही सी प्लस प्लसच्या 'शेअर्ड पॉइंटर'ने (ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय याचा तो काउंट ठेवतो, आणि काउंट शून्य झाला की ऑब्जेक्ट काढतो), तर दोघांचाही काउंट शून्यावर येणार नाही. मेमरी अडकून राहील. एका बाजूला काउंट न वाढवणारा 'वीक पॉइंटर' द्यावा लागतो. कोणत्या बाजूला? कोण कुणाशिवाय राहू शकतो, हे विचारून बघा.

मागून प्रश्न आला आहे: पायथनमध्ये 'डेल' लिहिलं की ऑब्जेक्ट जातो का? नाही. 'डेल' फक्त ते नाव सोडतं. दुसऱ्या एखाद्या लिस्टमध्ये तोच ऑब्जेक्ट असेल, तर तो तिथेच आहे, आणि त्याने उघडलेली फाइलही अजून उघडीच आहे.