सूर्याच्या घरी, हद्दीवर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, शालोम आणि नमस्कार.

इस्रायलमधल्या मराठी मंडळात एखादा म्हातारा तनाखवर, म्हणजे आपल्या ज्यूंच्या धर्मग्रंथावर, बोलायला उभा राहिला की तो यरुशलेमवरच बोलणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. यरुशलेमवर बोलायला सारं जग बसलंय. मी तिथून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, सोरेक खोऱ्यातल्या एका टेकाडाबद्दल बोलणार आहे. बेथ-शेमेश, म्हणजे सूर्याचं घर. तुमच्यापैकी पुष्कळांना हे नाव ठाऊक आहे ते रेल्वे स्टेशनमुळे, नाहीतर तिथल्या फ्लॅटच्या भावांमुळे. जुनं गाव नव्या शहराच्या कडेला, ३८ नंबरच्या रस्त्याला लागून आहे. गाडीतून जाताना लक्षात न आलं तरी नवल नाही.

माझ्या लहानपणी हे गाव आमच्या घरात आलं ते गाईंमुळे. आमच्या बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, तनाखच्या गोष्टी मराठी कीर्तनातून सांगायची पद्धत होती, आणि आजीला त्यातली ही गोष्ट तोंडपाठ. पलिष्ट्यांनी, म्हणजे किनाऱ्याकडच्या शेजारी शत्रूंनी, लढाईत इस्रायलचा कराराचा कोश, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, पळवला. तो अश्दोदला नेला, गथला नेला, एक्रोनला नेला, आणि जाईल तिथे रोगराई आणि उंदीर. सात महिन्यांत ते इतके टेकीला आले की कोश परत करायचं ठरलं. पण हा खरंच इस्रायलच्या देवाचा कोप, की नुसता योगायोग? त्यांच्या पुरोहितांनी युक्ती काढली. नवी कोरी गाडी करा. मानेवर कधी जू पडलेलं नाही अशा दोन दुभत्या गाई जुंपा आणि त्यांची वासरं घरी कोंडून ठेवा. गाई बेथ-शेमेशच्या वाटेला लागल्या तर देवाची करणी, माघारी वळल्या तर योगायोग.

ज्याच्या घरी गोठा होता त्याला या परीक्षेची धार लगेच कळेल. सड भरलेत, वासरू मागे ओरडतंय, जू नवं. अशी गाय सरळ चालेल? शमुवेलाच्या पुस्तकात लिहिलंय की त्या चालल्या. डावीउजवीकडे न वळता सरळ चालल्या, आणि चालताना हंबरत होत्या. ते हंबरणं लिहिणाऱ्यानं गाळलं नाही, म्हणून मला तो लेखक शेतकऱ्याच्या घरचा वाटतो. मागोमाग पलिष्ट्यांचे पाच सरदार निघाले, ते बेथ-शेमेशच्या हद्दीपर्यंत. खोऱ्यात गव्हाची कापणी चालली होती, लोकांनी मान वर केली आणि कोश पाहिला. सरदारांनी तेवढं बघितलं आणि त्याच दिवशी एक्रोनला परतले. सकाळी निघून संध्याकाळी घरी, दोन राष्ट्रांत अंतर ते एवढंच.

आता हे गाव नक्की कोणाचं? तनाखमधल्या यहोशवाच्या पुस्तकात यहूदा वंशाची सीमा इथून उतरते. त्याच पुस्तकात पुढे दान वंशाच्या यादीत ईर-शेमेश आहे, ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणखी पुढे अहरोनाच्या वंशजांना, म्हणजे याजकांना, दिलेल्या गावांत पुन्हा बेथ-शेमेश. एका सातबाऱ्यावर तीन नावं! समोरच्या डोंगरावर सरा, तनाखमधला बलाढ्य वीर शमशोन याचं गाव. त्याच्या नावातही तोच शेमेश, सूर्य. आणि त्याची सासुरवाडी तिम्ना खाली खोऱ्यात, पलिष्ट्यांकडे. ते लग्न भांडणात कसं मोडलं ते तुम्हाला माहीतच आहे.

या टेकाडावर १९११ मध्ये पुरातत्त्वज्ञ डंकन मॅकेन्झीनं खोदायला सुरुवात केली, नंतर अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजचे लोक आले, आणि १९९० पासून श्लोमो बुनिमोविट्झ आणि झ्वी लेडरमन. या दोघांनी एक गोष्ट नीट तपासली: उकिरडा. इ.स.पू. बाराव्या-अकराव्या शतकातल्या थरांत मडकी बघावीत तर जुन्या कनानी वळणाचीच. मडक्यांवरून हे लोक कोण ते ठरवता येत नाही. पण हाडं? डुकराचं हाड जवळजवळ नाहीच. पलीकडे एक्रोनला, तिम्नाला मात्र डुकराचं मांस सर्रास खाल्लं जात होतं. या दोघांचं म्हणणं असं की शेजारी पलिष्टी आले, त्यांच्या ताटात डुक्कर आलं, आणि म्हणूनच इथल्या लोकांनी ते कटाक्षानं वर्ज्य केलं. यावर वाद आहेत. मला ते पटतं, आणि का पटतं ते सांगतो.

कोकणात आपले पूर्वज बोलायचे मराठी, नेसायचे नऊवारी, आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर. परक्याला वेगळं काय दिसलं? तेल गाळायचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा चालवत नाहीत. म्हणून नाव पडलं शनवार तेली. तुम्ही काय करता यावरून नाही, काय करत नाही यावरून. यरुशलेमच्या याजकाला हा प्रश्न कधी पडला नसेल, त्याच्या चहूबाजूंना आपलेच लोक. हद्दीवर राहणाऱ्याला तो रोज जेवताना पडतो. म्हणून मला वाटतं, 'इस्रायल' म्हणजे कोण याचा निवाडा राजधानीत होण्याआधी अशा आडगावात होत होता, चुलीपाशी.

पोथी मात्र या गावाशी फार प्रेमानं वागत नाही. लोकांनी कोशात डोकावून पाहिलं आणि माणसं मेली. किती? मूळ मजकुरात सत्तर आणि पन्नास हजार हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत. टेकाड जेमतेम सात एकरांचं. पन्नास हजार माणसं तिथे राहायची म्हटली तर गाईंना जागा उरायची नाही. घाबरलेल्या गावानं कोश वर किर्याथ-यारीमला पाठवून दिला. पुढे यहूदाचा राजा अमस्या उगाच खुमखुमी येऊन उत्तरेकडच्या इस्रायल राज्याच्या योआश राजाशी लढला तो इथेच. पकडला गेला, आणि यरुशलेमच्या तटाला चारशे हातांचं खिंडार पडलं.

मला त्या लढाईपेक्षा पाण्याचं टाकं जास्त आवडतं. खडकात कोरलेलं, आतून गिलावा केलेलं, सुमारे आठ लाख लिटरचं. दहा हजारी टँकर धरले तर ऐंशी! इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या फौजेनं गाव उद्ध्वस्त केलं. आणि तेल? इथे ऑलिव्हचं तेल निघायचं, तुळईच्या टोकाला दगड बांधून, दाबून. पुढे तो धंदा एक्रोननं असा वाढवला की तिथे शंभरावर घाणे सापडले. शनिवारी कोणाचे बंद असायचे ते मात्र दगडांवरून कळत नाही.

आजीला मी एकदा विचारलं होतं, गाईंचं काय झालं? तिनं सांगितलं: गाडी फोडून लाकडं केली आणि त्याच गाई होमात दिल्या. मग वासरांचं? "ते लिहिलेलं नाही," म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

तर, पुढच्या शुक्रवारी ज्यांना टेकाडावर यायचंय त्यांनी सकाळी आठपर्यंत हॉलबाहेर जमा. दुपारी लवकर परतायचंय, संध्याकाळपासून शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सुरू होतो. पाणी घ्या, बूट चांगले घाला. वर सावली नाही, टोपी विसरू नका.