तैवानच्या तैनान शहरातल्या छोट्या दुकानात चिठ्ठी भरताना माझा झालेला पोपट
परत तीच कमेंट! "ताई, चिनी येत नाही, मग तैवानमध्ये छोट्या दुकानात खायचं कसं?" अहो, बोलावं लागतंच कुठे? आत शिरा, स्टूल पकडा, खा, पैसे द्या. मेख आहे ती या ऑर्डरच्या चिठ्ठीत.

(चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर)

पदार्थ, किंमत, पुढे रिकामा चौकोन. त्यात किती वाडगे हवेत तो आकडा. वर टेबलाचा नंबर. शेजारी 'नेइयोंग', म्हणजे इथेच खाणार, आणि 'वायदाय', म्हणजे पार्सल. एकावर खूण करा आणि चिठ्ठी स्वतः काउंटरवर नेऊन द्या. ती न्यायला कुणी येत नाही, वाट बघत बसू नका.

मी इथे नवी असताना टेबल नंबर चार होता. तो मी खालच्या चौकोनात लिहिला. दुकानातल्या आजींनी निमूट चार वाडगे आणून ठेवले. टेबलाशी मी एकटी!

म्हणून परत सांगते, वरचा आकडा टेबलाचा, खालचा वाडग्यांचा. नाहीच कळलं, तर वरची जागा कोरी सोडा आणि काउंटरवर आपल्या टेबलाकडे बोट दाखवा. पण खाली टेबल नंबर लिहू नका हो!

आता हे 'वा-क्वे'. भिजवून वाटलेला तांदूळ वाडग्यातच वाफवतात. वाफेवर मधोमध खळगा पडतो, त्यात सोयाचा दाट गोडसर सॉस आणि लसूण. बांबूच्या चपट्या काडीने कापायचं, हे असं. थरथरतंय बघा. "कच्चं राहिलंय" असं लिहू नका, ते असंच असतं. आपल्या उकडीला कुणी कच्ची म्हणतं का?

आणि हो, शाकाहारी मंडळी, यात डुकराचं मांस असतं. तुम्ही उलट्या दिशेचं स्वस्तिक असलेली पाटी शोधा. ती बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी दुकानांवर असते. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मित्रांना तिथे नेता येईल, पण कंदमुळं नाहीत ना, ते विचारून घ्या. आणि "चायनीज भेळ मिळते का?" विचारणाऱ्या दादा, ती मुंबईची. इथे तिचं नावही कुणी ऐकलेलं नाही.

थांबा, आजी आल्या. एकच वाडगा आहे, मोजून घ्या.