तोंडानं सांगा, जागेवर दाखवा

नमस्कार श्रोतेहो.

हाताखाली माणसं घेऊन कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आजचं बोलणं आहे. तुम्ही सुपरवायझर असाल, मुकादम असाल, ठेकेदाराचे साइट इनचार्ज असाल. हेल्मेट, बूट, हार्नेस तुम्हाला माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. बोलायचं आहे ते अर्ध्यावर राहिलेल्या कामाबद्दल. शिफ्ट संपली, काम संपलं नाही आणि टोळी घरी निघाली. मागे राहिलेला उघडा पाइप, काढलेला व्हॉल्व्ह, बंद ठेवलेला पंप पुढच्या माणसाच्या हाती कसा द्यायचा? उत्तर आधीच देतो. तोंडानं सांगा, जागेवर दाखवा, आणि मग सही करा.

यावर एक घडलेली गोष्ट सांगायलाच हवी.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहराच्या ईशान्येला, साधारण १९० किलोमीटरवर, भर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म होता. तारीख ६ जुलै १९८८. वायूतून वेगळं होणारं हलकं द्रव इंधन, म्हणजे कंडेन्सेट, पाइपलाइनमध्ये ढकलायला तिथे दोन पंप होते. ए आणि बी. एक चालू, एक राखीव.

त्या दिवशी ए पंप मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केला, त्याची वीज तोडली. त्याचं एक परमिट, म्हणजे काम करायची लेखी परवानगी, निघालं. त्याच पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढायचा होता. ते काम ठेकेदाराच्या दोन माणसांकडे, आणि त्याचं परमिट वेगळं. पुन्हा सांगतो, पंप एकच, परमिटं दोन, आणि एका परमिटावर दुसऱ्याचा उल्लेख नाही.

व्हॉल्व्ह काढला. पाइपाच्या उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी धातूची चकती, लावला. व्हॉल्व्ह तपासूनही झाला, पण संध्याकाळी सहापर्यंत परत चढवता आला नाही. त्याला क्रेन हवी होती, ती मिळाली नाही. ठरलं, उद्या बसवू. इथपर्यंत वावगं काही नाही. कामं उद्यावर जातातच.

टोळीचा सुपरवायझर परमिट घेऊन कंट्रोल रूममध्ये गेला. ज्याला सांगायचं तो माणूस दुसऱ्या कामात गुंतलेला. सुपरवायझरनं काम थांबवल्याची नोंद केली, कागद तिथे ठेवला आणि निघाला. ‘व्हॉल्व्ह जागेवर नाही, नुसता ब्लाइंड आहे’, हे वाक्य तोंडानं कुणाला सांगितलं गेलं नाही. थांबवलेल्या कामांची परमिटं चालू परमिटांपासून वेगळ्या जागी ठेवायची तिथली रीत. दिवसपाळीनं रात्रपाळीला काम सोपवतानाही या व्हॉल्व्हचा विषय निघाला नाही. त्या सुपरवायझरला तिथल्या परमिट पद्धतीचं प्रशिक्षणच दिलेलं नव्हतं, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. म्हणून सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणं मला मान्य नाही. ठेकेदाराच्या माणसाला पद्धत न शिकवता परमिट हातात देणाऱ्याचीही ती जबाबदारी आहे.

रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला. काही केल्या सुरू होईना. दोन्ही पंप थांबून राहिले तर थोड्या वेळात सगळ्या प्लॅटफॉर्मची वीज जाणार. रात्रपाळीच्या माणसांनी ए पंपाचे कागद काढले. मोठ्या दुरुस्तीचं परमिट सापडलं. दुरुस्ती तर सुरूच झालेली नव्हती, म्हणजे पंप धड आहे असं त्यांनी धरलं. व्हॉल्व्हचं परमिट त्यांच्या हाती लागलं नाही. व्हॉल्व्हची जागा साधारण पंधरा फूट उंचीवर, बाकीच्या पाइपांच्या आड. पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला ती दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी वीज जोडली आणि पंप सुरू केला.

ब्लाइंड बहुधा नुसता हातानं आवळलेला होता, त्याला पाना लागलेला नव्हता. तिथून कंडेन्सेट उसळलं आणि रात्री दहाला पहिला स्फोट झाला. मधल्या भिंती आग थोपवायला बांधलेल्या, स्फोटाचा दाब सोसायला नव्हे. त्या कोसळल्या. पाण्यात उतरलेले पाणबुडे पंपांकडे ओढले जाऊ नयेत म्हणून आगीचे पंप हातानंच सुरू करावे लागतील असे ठेवलेले होते, आणि तिथवर कुणाला पोहोचता आलं नाही. शेजारचे प्लॅटफॉर्म तेल पाठवत राहिले. वीस मिनिटांत वायूची मोठी पाइपलाइन फुटली. १६७ माणसं गेली. त्यांतली दोन वाचवायला आलेल्या बोटीवरची. प्लॅटफॉर्मवरची ६१ वाचली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १९९० मध्ये १०६ शिफारशी आल्या. आपल्याकडे तेल-वायू उद्योगासाठी ओआयएसडीचं, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं, १०५ क्रमांकाचं मानक खास परमिट पद्धतीवरच आहे.

आता आपल्या तारापूर, लोटे, कुरकुंभ, बुटीबोरीच्या कारखान्यांकडे येऊ. पहिली शिफ्ट तीनला सुटते आणि बस तीन-दहाला गेटवर लागते. शिफ्ट सोपवणं त्या दहा मिनिटांत उरकलं जातं, कित्येकदा कपडे बदलायच्या खोलीत. माझं स्पष्ट मत आहे की बसची वेळ ठरवताना सेफ्टी ऑफिसरला विचारलं पाहिजे आणि शिफ्टची पंधरा मिनिटं एकमेकांवर चढली पाहिजेत. तीही पगारी. कंपन्या रंगरंगोटीवर, बोर्डांवर लाखो रुपये घालतात आणि ही पंधरा मिनिटं कापतात, याचा मला मनापासून राग येतो.

ती पंधरा मिनिटं मिळाली तर यंत्रापाशी उभं राहा. येणाऱ्या सुपरवायझरला सोबत घेऊन फिरा. काय उघडं आहे, काय लॉक केलं आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, कुठला अलार्म किंवा यंत्र आपोआप थांबवणारा इंटरलॉक बायपास केला आहे, कुठलं परमिट अर्धवट आहे, हे सगळं दाखवा. उंचावर असेल तर शिडी चढून दाखवा. मग त्याला म्हणा, ‘आता तुम्ही मला सांगा.’ त्याच्या तोंडून सगळं परत आलं की दोघांनी लॉगबुकात सही करायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे काम सोपवलं असं होत नाही. बघितल्याची निळी खूण आली तरी समजल्याची खात्री होत नाही. तोंडानं सांगा, जागेवर दाखवा.

ब्लाइंडबद्दल दोन शब्द. आठ भोकांच्या फ्लँजला आठच्या आठ बोल्ट हवेत. ‘उद्या काढायचाच आहे’ म्हणून चारच लावतात, गॅस्केट जुनंच ठेवतात, पत्रा कापून ब्लाइंड करतात. लाइनच्या दाबाला पुरेल एवढ्या जाडीची प्लेट, नवं गॅस्केट, आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं पान्यानं आवळलेले, एवढं झालं तरच तो ब्लाइंड. प्रत्येकाला नंबर द्या, यादी ठेवा, काढताना त्याच यादीवर खूण करा. यादीत एक जरी शिल्लक असला तरी लाइन चार्ज करायची नाही, म्हणजे तिच्यात माल सोडायचा नाही.

यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून वीज तोडून लावायच्या लॉकचंही तसंच. जितके लोक कामावर, तितकी कुलपं, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात. लॉक लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघा. मोटर फिरली नाही की बटण परत बंदवर आणा. फीडर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारी लाइन, चुकीचा बंद केला असेल तर तो इथेच पकडला जातो.

टाकीत माणूस उतरणार असेल तर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, आत २४ व्होल्टचाच दिवा, आणि मॅनहोलपाशी एक माणूस, ज्याला दुसरं काम सांगायचं नाही, चहा आणायलाही नाही. हे तुम्ही करताच, पुढे जातो.

परमिट इंग्रजीत आणि टोळीत मराठी, हिंदी, ओडिया बोलणारे. मग अवजड सामान हलवणाऱ्या खलाशाला त्यातलं कळणार काय? सकाळच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात परमिट त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि सगळ्यात नवख्या हेल्परला विचारा, आज इथे धोका कशाचा? त्याला सांगता आलं नाही तर काम सुरू करू नका.

आणि रात्री पंप चालू करायची वेळ आली तर? कंट्रोल रूममधल्या बोर्डावर परमिटं खात्यानुसार लावू नका. यंत्राच्या नंबरानुसार लावा, चालू आणि थांबवलेली एकाच खुंटीला. ए पंपाच्या खुंटीवर जितकी परमिटं असतील तितकी सगळी बंद झाल्याशिवाय वीज जोडायची नाही. एखाद्या परमिटाचा उलगडा झाला नाही, तर ज्याची सही आहे त्याला घरी फोन लावा, झोपेतून उठवा. तो सांगेपर्यंत, आणि तुम्ही टॉर्च घेऊन लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून येईपर्यंत, पंप बंदच राहू द्या.

नमस्कार.